चामखीळ आणि चारित्र्य

माझी एक मावशी १९७३च्या फेब्रुवारीत माहेरी परत आली आणि पुन्हा कधी सासरी गेली नाही. लग्नाला तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते. तिचे नाव इथे लिहीत नाही. मी त्या वेळी दोन वर्षांचाही नव्हतो, त्यामुळे मला आठवते ती आजोळच्या माजघरात कायमची असलेली मावशी. पापड लाटणारी, आम्हा भाचरांना पाटीवर अक्षरे गिरवून देणारी. ती का परतली हे विचारायचे नसते, हे आम्हा मुलांना कुणी न सांगताच कळले होते. पुढे मोठेपणी आईने एकदा एवढेच सांगितले, “तिला गरमी निघाली म्हणाले सासरचे. लग्नाआधीचीच म्हणाले.”

गरमी म्हणजे उपदंश, सिफिलिस. या एका शब्दावर मावशीची पुढची जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

तीन वर्षांपूर्वी मावशी वारली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत, चार पदरी दुमडलेला एक कागद मिळाला. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या दवाखान्याचा. तारीख फेब्रुवारी १९७३. इंग्रजी अक्षरांत तीन नोंदी होत्या. पहिली, रोगाचे नाव : काँडिलोमाटा ॲक्युमिनाटा. दुसरी, औषध : पोडोफायलिन, बाहेरून लावण्यासाठी. तिसरी, रक्ताची व्हीडीआरएल तपासणी : निगेटिव्ह.

व्हीडीआरएल ही सिफिलिससाठीची तपासणी. म्हणजे मावशीला गरमी नव्हती आणि तसे लिहिलेला कागद तिच्या ट्रंकेत पन्नास वर्षे पडून होता. घरात इंग्रजी वाचणारे कुणी नव्हते. ज्यांना येत होते त्यांना दाखवण्याची कुणाची छाती नव्हती.

मी डॉक्टर नाही. नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहिण्याची आणि नाद जुने कागद वाचण्याचा. मोडी दप्तरे वाचत वाचत जे काही शिकलो तेवढेच माझे शिक्षण. जुना कागद हाती आला की मी एकच प्रश्न विचारतो : हा लिहिला गेला त्या दिवशी लिहिणाऱ्याला काय काय माहीत असू शकत होते? मावशीच्या कागदालाही मी तोच प्रश्न विचारला. त्याचे उत्तर शोधताना एका क्षुल्लक समजल्या गेलेल्या रोगाचा दोन हजार वर्षांचा इतिहास हाती लागला. या रोगाचे कारण काय, हा वैद्यकाचा प्रश्न. पण त्याच्या आधी प्रत्येक काळात वेगळाच प्रश्न विचारला गेला : हा कुणी आणला?

कील, अंजीर आणि फिरंग

आपला ‘चामखीळ’ हा शब्द संस्कृत ‘चर्मकील’ या शब्दापासून आला. कातड्यात ठोकलेला खिळा किंवा खुंटी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातला दुसरा अध्याय अर्शाचा, म्हणजे मूळव्याधीचा आहे. पण सुश्रुताचा अर्श गुदद्वारापुरता नाही. शिस्न, योनी, नाभी, कान, नाक अशा ठिकाणीही मांसाचे अंकुर फुटतात, असे तो सांगतो. योनीत होणाऱ्या अंकुरांचे वर्णन तो छत्रीच्या आकाराचे, मऊ, बुळबुळीत स्राव असलेले असे करतो, आणि याच अध्यायाच्या शेवटाकडे चर्मकीलाचीही गणना करतो. आजच्या रोगाचे नाव त्यावर थेट चिकटवण्याचा मोह टाळायला हवा. तरी एक गोष्ट लक्षात येते. त्वचेवरची चामखीळ आणि जननेंद्रियावरचा अंकुर एकाच अध्यायात, एकाच कुळातले म्हणून आले आहेत, आणि त्यांचे कारण सांगताना वात-कफांच्या प्रकोपाखेरीज कुणालाही जबाबदार धरलेले नाही.

ग्रीक वैद्यांनी अशा वाढीला ‘काँडिलोमा’ म्हटले. बोटाच्या पेरासारखी गाठ. पुढे त्याला ‘ॲक्युमिनाटा’, म्हणजे टोकदार, हे लॅटिन विशेषण लागले. मावशीच्या कागदावरच्या त्या भारदस्त शब्दांचा अर्थ ‘टोकदार गाठी’ एवढाच होता. रोमन लोकांचा बोलीतला शब्द मात्र ‘अंजीर’ हा होता. पहिल्या शतकातल्या मार्शल या कवीने या शब्दावर श्लेष करून लोकांची यथेच्छ टर उडवली आहे. जर्मन भाषेत या रोगाला आजही अंजीर-चामखीळ अशाच अर्थाचा शब्द आहे. वैद्याने दोष शोधला तो वात-कफाचा, कवीने शोधला तो माणसाचा. रोगाच्या इतिहासात पुढे कवीचीच बाजू वरचढ ठरली.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सवर चालून गेलेल्या फ्रेंच सैन्याबरोबर सिफिलिस युरोपभर पसरला. इटलीतले लोक त्याला फ्रेंच रोग म्हणू लागले, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणू लागले. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याला ‘फिरंग’ असे नाव दिले. प्रत्येकाने रोगाला शेजाऱ्याचे किंवा परक्याचे नाव दिले. या भयंकर रोगाच्या सावलीत जननेंद्रियाशी संबंधित सगळेच विकार एका गाठोड्यात बांधले गेले. गरमी, परमा आणि या चामखिळी ही एकाच विषाची तीन रूपे आहेत, असे युरोपातले वैद्य पुढे दोन-तीन शतके मानत होते.

निपुत्रिकाच्या वारशासारखा

या गोंधळात सर्वांत मोठी भर घातली ती एका थोर माणसाने. लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर याने १७६७ मध्ये परम्याच्या रोग्याचा पू टोचण्याचा प्रयोग केला. तो पू त्याने स्वतःला टोचला की दुसऱ्या कुणाला, याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. रोग्याला दोन्ही रोग असावेत. टोचलेल्या ठिकाणी सिफिलिसची लक्षणे दिसली आणि दोन्ही एकच, असा निष्कर्ष हंटरने काढला. १७८६ च्या त्याच्या ग्रंथामुळे तो मत म्हणून रुजला. पॅरिसच्या फिलिप रिकोर याने १८३८ मध्ये हे दोन रोग वेगळे असल्याचे दाखवले, तोवर अर्धे शतक उलटले होते.

मग जंतू सापडू लागले. १८७९ मध्ये नायसरला परम्याचा जंतू दिसला. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सिफिलिसचा जंतू दिसला आणि पुढच्याच वर्षी वासरमनची रक्ततपासणी आली. गरमीला आणि परम्याला आपापला धनी मिळाला. चामखीळ मात्र मागे राहिली. निपुत्रिकाच्या इस्टेटीवर जसा जो तो हक्क सांगतो, तसे तिच्या कारणांचे झाले. कुणी म्हणे परम्याचा स्राव लागून ती वाढते, कुणी म्हणे अस्वच्छतेने, कुणी म्हणे गरोदरपणातल्या ओलाव्याने. दोन टोकांची मते शेजारी शेजारी नांदत होती. एका मताप्रमाणे ती बदफैलीपणाची खूण होती, दुसऱ्याप्रमाणे निव्वळ न धुतल्याचा परिणाम. दोन्ही मतांत एक साम्य होते : चूक रोग्याचीच.

त्यातही स्त्रीची जास्त. हिंदुस्थानात १८६८ मध्ये सांसर्गिक रोगांचा कायदा झाला आणि तो मुंबईतही लागू करण्यात आला. वेश्यांची नावे नोंदवायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची, रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबून ठेवायचे. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी या कायद्यात नव्हती. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. कायदे रद्द होतात, त्यांच्या मागची समजूत मात्र कुठे जात नाही. १९७३ च्या त्या कागदाबरोबर मावशीच्या नवऱ्याच्या तपासणीचा कागद नव्हता. त्याची तपासणी करावी असे कुणी सुचवल्याचे आईलाही आठवत नव्हते.

हातावर घेतलेला पुरावा

कारणाच्या शोधात पहिले खरे पाऊल पडले ते इटलीतल्या पाव्हिया शहरात. जंतूंना अडवणाऱ्या बारीक गाळण्यातूनही काही रोगांचे विष पार जाते, हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तंबाखूच्या पानांवरील रोगात दिसले होते. जुझेप्पे चुफो या त्वचारोगतज्ज्ञाने १९०७ मध्ये साध्या चामखिळीचा अर्क अशाच गाळण्यातून गाळला आणि तो नितळ द्रव स्वतःच्या हाताला टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवली. जंतू तर गाळण्यातच अडकले होते. म्हणजे चामखिळीचे बी जंतूहूनही सूक्ष्म होते. आज आपण त्याला विषाणू म्हणतो.

दुसरे पाऊल प्रागचे लुडविग वेल्श यांनी १९१७ मध्ये टाकले. त्यांनी पुरुषाच्या जननेंद्रियावरच्या चामखिळीचा अर्क स्वतःला आणि आणखी दोघांना टोचला. हाताच्या त्वचेवर साधी चपटी चामखीळ आली. त्या दोघांत जी स्त्री होती तिच्या जननेंद्रियावर टोकदार गाठी आल्या. असा प्रयोग करायला आज कुठलीही नैतिक समिती परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. त्या स्त्रीचे पुढे काय झाले, हा प्रश्न माझ्यासारख्या वाचकाला प्रयोगाच्या निष्कर्षापेक्षा जास्त छळतो.

निष्कर्ष खरा होता : या गाठी संसर्गाने होतात आणि त्यांचे कारण गाळण्यातून पार जाणारे आहे. पण त्यातून निघालेला अर्थ पुरता चुकला. हातावरची चामखीळ आणि जननेंद्रियावरची चामखीळ यांचा विषाणू एकच, फक्त जागा वेगळी, असे मत पक्के झाले आणि ते पुढे पन्नासहून अधिक वर्षे टिकले. एकच विषाणू म्हटल्यावर हाताची चामखीळ कुठेही लागू शकते. मग लैंगिक संबंधाचा विचार करायचे कारण उरत नाही. चांगल्या घरातल्या रोग्याला अवघड प्रश्न विचारणे टाळू पाहणाऱ्या डॉक्टरांना हे मत सोयीचेच होते.

याच काळात औषध मात्र कारणाची वाट न पाहता पुढे गेले. १९४२ मध्ये अमेरिकेत कॅप्लन यांनी पोडोफायलिन नावाच्या राळेचा लेप या गाठींवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. ही राळ एका झुडपाच्या मुळांपासून निघते. तिचा एक भाऊबंद आपल्या हिमालयात उगवतो, त्याला तिकडे वनककडी म्हणतात. पेशींचे विभाजन थांबवणारे हे जहाल द्रव्य गाठी जाळते. विषाणूला हात लावत नाही. म्हणून गाठी जातात आणि पुष्कळदा परत येतात. परत आल्या की घरातल्यांचा संशय दुप्पट होतो.

चोवीस बायका

१९५४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बॅरेट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक छोटा लेख आला. या चामखिळी हा लैंगिक रोग आहे, असे त्याच्या शीर्षकातच ठणकावलेले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर हे ठणकावून सांगावे लागले, यावरूनच तेव्हाची समजूत काय होती ते कळते.

लेखातला पुरावा साधा होता. चोवीस विवाहित स्त्रियांना या गाठी झाल्या होत्या. सगळ्यांचे नवरे सैनिक, कोरियाच्या युद्धकाळात पूर्वेकडे राहून परतलेले. नवरा घरी आल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी बायकोला गाठी दिसू लागल्या. नवऱ्यांना विचारले, तपासले, तेव्हा त्यांच्याही अंगावर अशा गाठी होत्या किंवा नुकत्याच होऊन गेल्या होत्या, आणि परदेशात त्यांचे इतर स्त्रियांशी संबंध आले होते. मला या लेखात महत्त्वाचे वाटते ते डॉक्टरांचे कष्ट. बायको आजारी पडल्यावर त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतले. रोगाचा शोध एवढ्या साध्या कृतीने पुढे गेला.

त्यानंतरचे काम लंडनच्या डेव्हिड ओरिएल यांचे. १९७१ मध्ये त्यांनी या रोगाचा नैसर्गिक इतिहास मांडणारा दीर्घ लेख प्रसिद्ध केला. गाठी असलेल्या व्यक्तींच्या लैंगिक जोडीदारांवर त्यांनी लक्ष ठेवले. त्यांतल्या शंभरात चौसष्ट जणांना गाठी झाल्या. संसर्गापासून गाठी दिसेपर्यंतचा काळ सरासरी २.८ महिने होता; कमीत कमी तीन आठवडे, जास्तीत जास्त आठ महिने.

हे आकडे वाचून मी वही बाजूला ठेवली होती. मावशीचे लग्न मे १९७२ मधले. गाठी डॉक्टरांनी पाहिल्या त्या फेब्रुवारीत; अंगावर त्या केव्हा दिसू लागल्या याची नोंद नाही, पण दिसल्याबरोबर तिने डॉक्टर गाठला असेल, असे त्या घरात शक्य नव्हते. ओरिएल यांचे आकडे लावले तर हा संसर्ग लग्नानंतरचा असण्याचीच शक्यता जास्त. मावशी परत आली त्याच्या दोन वर्षे आधी हे सगळे छापून झाले होते. पण हिशेबनीस म्हणून मला दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. नंतरच्या संशोधनातून दिसले की हा विषाणू शरीरात कसलीही खूण न दाखवता बराच काळ राहू शकतो, आणि ज्याच्या अंगावर एकही गाठ नाही अशा माणसाकडूनही तो लागू शकतो. म्हणजे गाठी केव्हा आल्या यावरून विषाणू केव्हा आणि कुणाकडून आला, हे खात्रीने सांगता येत नाही. मावशीला निर्दोष ठरवणारा पुरावा माझ्याकडे नाही. तिला दोषी ठरवणारा पुरावा त्यांच्याकडेही नव्हता.

शाळा सोडलेली मुलगी

या गाठींमध्ये विषाणू डोळ्यांनी पाहण्याचे श्रेय ज्यांना जाते, त्यांत जून अल्मेडा हे नाव आहे. आडनावावरून गोव्याच्या वाटल्या तरी त्या ग्लासगोच्या. माहेरचे आडनाव हार्ट, वडील बसचालक. पैशाअभावी सोळाव्या वर्षी शाळा सुटली. ग्लासगोच्या रुग्णालयात प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून काम धरले. लग्न व्हेनेझुएलाच्या एका चित्रकाराशी झाले, त्याचे हे आडनाव. कॅनडातल्या टोरांटो शहरात त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसल्या आणि त्या यंत्रावर त्यांचा हात असा बसला की विषाणूंची चित्रे काढावीत तर त्यांनीच. १९६४ मध्ये त्यांना लंडनला बोलावून घेतले गेले. करोना कुळातल्या विषाणूचे पहिले स्पष्ट छायाचित्र त्यांनीच घेतले. २०२० च्या साथीत त्यांची जगाला आठवण झाली, तेव्हा त्यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती.

त्वचेच्या चामखिळीतले विषाणूकण १९४९ मध्येच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांना दिसले होते, कारण पायाच्या चामखिळीत ते खच्चून भरलेले असतात. जननेंद्रियावरच्या गाठींत ते फार विरळ. अनेकांनी शोधून हात टेकले होते. साठच्या दशकाच्या अखेरीस ते दिसू लागले आणि ओरिएल व अल्मेडा यांनी १९७० मध्ये ते दाखवून दिले. एका मिलिमीटरमध्ये ओळीने अठरा हजार मावतील एवढे लहान, गोलसर, नक्षीदार कण.

मी स्वतः कुठल्याही पदवीशिवाय या वाटेला लागलो म्हणून असेल, पण अल्मेडाबाईंची हकीकत वाचताना मला आनंद झाला. दोन हजार वर्षे ज्याच्याकडे लोकांनी तोंड फिरवून पाहिले, त्याकडे त्या नुसत्या पाहत बसल्या, दिसेपर्यंत.

एक नव्हे, दोनशे

उरला होता तो वेल्शच्या काळापासूनचा गैरसमज : सगळ्या चामखिळींचा विषाणू एकच. तो मोडला जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझन यांनी, आणि तेही वेगळ्याच शोधात असताना.

त्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कारण हवे होते. या कर्करोगाचा लैंगिक जीवनाशी संबंध असावा, हा संशय जुना. व्हेरोनाचा डॉक्टर रिगोनी-स्टेर्न याने १८४२ मध्ये शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी चाळून दाखवले होते की विवाहित स्त्रियांमध्ये तो होतो, जोगिणींमध्ये जवळजवळ होत नाही. १९७० च्या सुमारास बहुतेकांचा संशय नागिणीसारखे फोड आणणाऱ्या हर्पिस विषाणूवर होता. त्सूर हाउझन यांना कर्करोगाच्या पेशींत तो सापडेना. पण जननेंद्रियावरच्या चामखिळींचे क्वचित कर्करोगात रूपांतर झाल्याच्या जुन्या हकिगती त्यांनी वाचल्या होत्या. ज्या गाठींकडे क्षुल्लक आणि लाजिरवाणी गोष्ट म्हणून संशोधक फिरकत नव्हते, त्याच त्यांनी उचलल्या.

पायाच्या चामखिळीतल्या विषाणूचा जनुकीय धागा घेऊन त्यांनी जननेंद्रियाच्या गाठींत त्याचा जोडीदार आहे का ते पाहिले. बहुतेक गाठींत जोडी जुळेना. १९७४ मधल्या या अपयशातच मोठे यश होते. याचा अर्थ, विषाणू एक नव्हता. कूळ एक, घराणी अनेक. पॅरिसचे जेरार ओर्त यांच्या गटानेही त्याच सुमारास हे दाखवले. मग घराण्यांना सापडल्या क्रमाने आकडे देण्यात आले. १९८० मध्ये लुट्झ गिसमान आणि त्सूर हाउझन यांनी जननेंद्रियाच्या गाठींतून सहाव्या क्रमांकाचा विषाणू वेगळा काढला. पुढच्या वर्षी एथेल-मिशेल द व्हिलियर्स यांच्यासह त्याच्या जनुकीय धाग्याच्या प्रती तयार केल्या. १९८२ मध्ये लहान मुलांचा आवाज बसवणाऱ्या स्वरयंत्रातल्या गाठींतून अकराव्या क्रमांकाचा सापडला. जननेंद्रियांवरच्या दहापैकी नऊ गाठी या सहा आणि अकरा क्रमांकांमुळे होतात, हे आज पक्के झाले आहे. प्रश्नाचे उत्तर मिळाले होते : ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, एचपीव्ही. आज त्याची दोनशेहून अधिक घराणी माहीत आहेत.

पण कर्करोगात सहा क्रमांक सापडेना. तेव्हा अकराव्याचा धागा घेऊन, काटेकोर जुळणीचा आग्रह थोडा सैल करून शोध घेतला, तेव्हा कर्करोगाच्या पेशींत त्याचे दूरचे नातेवाईक दिसले : १९८३ मध्ये सोळावा, १९८४ मध्ये अठरावा. गर्भाशयमुखाच्या दहापैकी सुमारे सात कर्करोगांच्या मागे हे दोघे असतात. २००८ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्सूर हाउझन यांना मिळाला तो या शोधासाठी. कर्करोगाच्या कारणापर्यंत नेणारी वाट चामखिळीच्या दारावरून गेली.

यातला भेद रोग्याला समजावून सांगणे फार गरजेचे आहे. गाठी आणणारे सहा आणि अकरा क्रमांक सहसा कर्करोग करत नाहीत; कर्करोग करणारे सोळा आणि अठरा सहसा गाठी आणत नाहीत. विषाणूची रीतही समजून घेण्यासारखी आहे. त्वचेवरच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यातून तो सर्वांत खालच्या थरातल्या पेशीत शिरतो. ती पेशी वर वर सरकत जाते, तसतशा त्याच्या प्रती वाढतात आणि वरचा थर झडताना तो बाहेर पडतो. रक्तात तो जात नाही, जळजळ किंवा ताप आणत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना बराच काळ पत्ता लागत नाही. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा ना केव्हा एचपीव्हीचा संसर्ग होतो. बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप निवळतो. गाठी फार थोड्यांना येतात. जिला किंवा ज्याला गाठी आल्या तो इतरांहून वेगळा वागला असे काही नाही. त्याचे फक्त दिसले.

बार्शी, मेलबर्न, पुणे

पुढचा इतिहास आपल्या जवळचा आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये सिद्ध झाले. मराठवाड्यातल्या खेड्यांतल्या बायकांनी, ज्या विषयाचे नावही घरात काढता येत नाही त्यासाठी तपासणीला होकार दिला, म्हणून जगाला हे ज्ञान मिळाले.

लशीचा पाया ऑस्ट्रेलियात घातला गेला. क्वीन्सलँड विद्यापीठात जियान झाऊ आणि इयान फ्रेझर यांनी १९९१ मध्ये विषाणूचे नुसते कवच तयार केले. आत जनुकीय धागा नाही, म्हणजे पोकळ नारळ. शरीर त्या कवचाला ओळखून पहारा बसवते. झाऊ १९९९ मध्ये बेचाळिसाव्या वर्षीच वारले, लस बाजारात आली २००६ मध्ये. ती सहा, अकरा, सोळा आणि अठरा या चारही क्रमांकांविरुद्ध होती. २००७ पासून ऑस्ट्रेलियाने मुलींना ती मोफत दिली. कर्करोग घटल्याचे दिसायला दशके लागतात. चामखिळीचे उत्तर लगेच मिळाले. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत प्रथमच येणाऱ्या एकवीस वर्षांखालील स्त्रियांमध्ये गाठींचे प्रमाण २००७ मध्ये शंभरात ११.५ होते, २०११ मध्ये ०.८५ झाले. लस न घेतलेल्या तरुण पुरुषांतही ते घटले. मुलींना संरक्षण दिल्यावर मुलेही वाचली.

पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली ‘सर्वाव्हॅक’ ही लस जानेवारी २०२३ मध्ये सादर झाली. तीही याच चार क्रमांकांची आहे. ती झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून संसर्गाची शक्यता निर्माण होण्याआधी, वयाच्या नवव्या ते चौदाव्या वर्षांत घेणे उत्तम. आपल्याकडे लशीची चर्चा कर्करोगाच्या नावाने होते. ते योग्यच आहे, मरण तिकडे आहे. पण सहा आणि अकरा हे दोन आकडेही त्याच कुपीत आहेत, आणि त्यांच्यामुळे माणूस मरत नसला तरी काय होऊ शकते ते मी आजोळच्या माजघरात पाहिले आहे.

तिसरी नोंद

गेल्या वर्षी थोरल्या मामांना मी तो कागद वाचून दाखवला. मामा पंच्याऐंशीचे. १९७३ मध्ये मावशीला सासरहून एसटीने घेऊन येणारे तेच. त्यांना मी दोन लॅटिन शब्दांचा अर्थ सांगितला, पोडोफायलिन म्हणजे काय ते सांगितले, आणि रक्ताच्या तपासणीची नोंद मराठीत करून सांगितली.

“म्हणजे गरमी नव्हती?”

“नव्हती. डॉक्टरांनी तेव्हाच तसं लिहिलं होतं.”

मामा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आम्ही तिला कधी विचारलंच नाही रे. डॉक्टर काय म्हणाला म्हणून.”

नवऱ्याला तपासले होते का, हे मी विचारले. त्यांनी नुसती मान हलवली. थोड्या वेळाने त्यांनी ती तिसरी नोंद पुन्हा वाचायला सांगितली. मी वाचली. निघताना त्यांनी कागदाची झेरॉक्स मागितली. दुसऱ्या दिवशी मी ती त्यांना नेऊन दिली.